‘मॅकबेथ’ शिकवून झालं, आता उजळणी कशी घ्यायची?

सेमिस्टर संपत आलं की इंग्रजीच्या वर्गातून एक मागणी हमखास येते : ‘मॅडम, एकदा सगळी स्टोरी सांगून टाका ना.’ मागणी समजण्यासारखी आहे. विरार-बदलापूरहून सकाळची गाडी पकडून येणाऱ्या, दुपारी कुठेतरी अर्धवेळ काम करणाऱ्या मुलामुलींना कथानक हाताशी असलं की धीर येतो. पण ‘मॅकबेथ’ची गोष्ट (चेटकिणींचं भाकीत ऐकून सरदार मॅकबेथ बायकोच्या, म्हणजे लेडी मॅकबेथच्या, चिथावणीने राजा डंकनला मारून राजा होतो, मग खून करवत जातो आणि शेवटी स्वतः मारला जातो) पाच-सात मिनिटांत सांगून होते आणि ती त्यांना आधीच ठाऊक असते. तिच्यावर आणखी दोन तास घालवले तर उत्तरपत्रिकेत तीच गोष्ट उतरते आणि परीक्षक पानं उलटत जातो.

उजळणी म्हणजे नाटकाचं दुसरं वाचन, असं मी मानते. पहिल्यांदा वाचताना पुढे काय होणार याची उत्सुकता असते. दुसऱ्यांदा शेवट माहीत असतो, म्हणून प्रश्नच बदलतो : हे टाळता आलं असतं का? कुठे? कोणाला? शोकांतिका या प्रश्नाभोवती उभी असते आणि तो विचारायची खरी संधी उजळणीतच मिळते. पुढचा सगळा आराखडा याच एका प्रश्नावर बेतलेला आहे. तो बी.ए.च्या वर्गासाठी आहे, पण अकरावी-बारावीत शेक्सपिअर असलेल्या शाळांतही चालेल. ‘ऑथेल्लो’ किंवा ‘किंग लिअर’ नेमलं असेल तर उतारे बदला, पद्धत तीच ठेवा.

आधीची तयारी

पाच लेक्चर्स बाजूला काढा. मुंबईच्या कॉलेजात लेक्चर ४८ मिनिटांचं धरलं तरी हजेरी आणि उशिरा येणारे वजा करता हातात चाळीसच उरतात, तेव्हा आखणी चाळीस मिनिटांचीच करा.

त्याआधी स्वतः नाटक एका बैठकीत वाचून काढा. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये हे सगळ्यात छोटं नाटक आहे, एका रविवारी दुपारी आरामात होतं. दरवर्षी शिकवतोय म्हणून हे टाळू नका. तुकड्यातुकड्यांनी शिकवताना नाटकाचा वेग हरवतो आणि या नाटकाचा निम्मा परिणाम वेगात आहे.

मग उताऱ्यांची दोन पानं तयार करा. सगळ्या वर्गाकडे एकाच प्रकाशनाचं पुस्तक कधीच नसतं, ओळींचे क्रमांक जुळत नाहीत आणि ‘कुठल्या पानावर’ यातच दहा मिनिटं जातात. मूळ संहितेवर कुणाचाही हक्क नाही, त्यामुळे उतारे टाइप करून कॉलेजच्या गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट काढून घेता येतात. माझी निवड अशी : पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं मॅकबेथचं स्वगत आणि त्यामागून येणारं नवराबायकोचं भांडण, दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश पूर्ण, तिसऱ्या अंकातल्या मेजवानीचा शेवट, झोपेत चालण्याचा प्रवेश, आणि राणी गेल्याची बातमी आल्यावरचं ‘टुमॉरो, अँड टुमॉरो’. प्रत्येक उताऱ्यावर अंक आणि प्रवेश लिहा. उजवीकडे तीन बोटं समास मोकळा सोडा, मुलांना तिथे मराठीत लिहायचं आहे.

एक सूचना मुलांना आदल्या आठवड्यातच द्या : गाईड आणायला हरकत नाही, पण पहिले चार तास ते दप्तरातच राहील. पाचव्या तासाला ते मुद्दाम बाहेर काढायचं आहे.

पहिला तास : कोण मेलं, आणि आपल्याला दिसलं का?

सुरुवात शेवटापासून करा. फळ्यावर तीन रकाने आखा : कोण मेलं, कोणी मारलं, रंगमंचावर की विंगेत. प्रत्येक बाकावर तिघं-चौघं असतातच, तोच गट धरा. पुस्तक न उघडता दहा मिनिटांत तक्ता भरायचा.

सगळं कथानक इथेच आपोआप उजळून निघतं, कारण मृत्यू आठवायचे तर प्रसंग आठवावे लागतात. पहिला रकाना बहुतेकांचा भरतो, फक्त बंडखोर मॅकडोनवाल्ड आणि कॉडरचा आधीचा सरदार सुटतात. तिसऱ्या रकान्याशी मात्र वर्ग अडखळतो. डंकनचा खून आपल्याला दिसतो का? निम्मे हात ‘हो’ म्हणून वर येतात. तो दिसत नाही. मॅकबेथ हवेतल्या कट्यारीशी बोलतो, घंटा वाजते, तो आत जातो, पुढच्या प्रवेशात लेडी मॅकबेथ एकटी उभी असते आणि मग तो रक्ताने भरलेले हात घेऊन बाहेर येतो.

पुढचा तक्ता वर्गाला पुस्तकात बघून तपासायला लावा. डंकनचे दोन पहारेकरी आत मारले जातात, ते मॅकबेथच्याच तोंडून कळतं. मॅकबेथचा सोबती सरदार बँको आपल्या डोळ्यांसमोर मरतो आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. मॅकबेथच्या विरोधात गेलेला सरदार मॅकडफ, त्याचा लहान मुलगा समोर मारला जातो, त्याची आई ओरडत आत धावते आणि तिचा शेवट विंगेत होतो. लेडी मॅकबेथचा मृत्यू आतून येणाऱ्या बायकांच्या आक्रोशातून कळतो; तिने स्वतःच जीव दिला असं लोक म्हणतात, हे अगदी शेवटी डंकनचा मुलगा माल्कम याच्या बोलण्यात येतं. माल्कमच्या बाजूने लढणारा तरुण सीवर्ड समोर पडतो. आणि मॅकबेथ? १६२३ च्या फोलिओतल्या (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीतल्या) रंगसूचना इथे घोटाळ्यात टाकणाऱ्या आहेत. मॅकबेथ आणि मॅकडफ लढत आत जातात, लढतच पुन्हा येतात, मॅकबेथ मारला जातो आणि थोड्या वेळाने मॅकडफ त्याचं मुंडकं घेऊन प्रवेश करतो. वेगवेगळ्या आवृत्त्या हे वेगवेगळ्या रीतीने सोडवतात, म्हणून दोन बाकांवरच्या पुस्तकांत फरक सापडला तर दोन्ही बरोबर धरा.

तक्ता पुरा झाला की एकच प्रश्न टाका : सगळं नाटक ज्या खुनावर उभं आहे तो लपवला, आणि एका लहान मुलाचा खून मात्र दाखवला. का? याला घाईने उत्तर देऊ नका. पंधरा मिनिटं गेली तरी चालतील. मुलं हळूहळू दोन गोष्टींपाशी येतात. एक, पहिल्या खुनात बघण्यासारखं आहे ते मारणाऱ्याच्या मनात, म्हणून आपल्याला खोलीबाहेर, त्याच्या हातांपाशी थांबवलंय. दुसरी, चौथ्या अंकापर्यंत मॅकबेथबद्दल आपल्या मनात जी थोडी कणव उरलेली असते ती तोडायला त्या मुलाचा मृत्यू समोर घडणं गरजेचं होतं. हे मुलांच्या तोंडून आलं की फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा, मोडक्या इंग्रजीत असलं तरी. पाचव्या तासाला उत्तरं लिहिताना हीच वाक्यं उपयोगी पडतात.

दुसरा तास : परतीच्या जागा

फळ्यावर डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढा आणि तिचे पाच अंक पाडा. प्रत्येक बाकाने नाटकात अशी एक जागा शोधायची, जिथून मॅकबेथला मागे फिरता आलं असतं. जागा सांगितली की तिथली निदान एक ओळ वाचून दाखवायची. ओळ नसेल तर रेघेवर खूण नाही. नियम कडक ठेवा, या तासाची सगळी कमाई त्यातच आहे.

पहिली खूण बहुधा पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशावर पडते आणि ती योग्यच आहे. मॅकबेथ स्वतःच सगळी कारणं मोजतो. डंकन नातलग आहे, राजा आहे, आज आपला पाहुणा आहे, शिवाय सज्जन आहे. खुनाच्या बाजूने त्याला फक्त उडी घेऊन पलीकडे कोसळणारी महत्त्वाकांक्षा सापडते. तो बायकोला स्पष्ट सांगतो की हे आता पुढे न्यायचं नाही, आणि थोड्याच ओळींत तयार होतो. तिने काय म्हटल्यावर? वर्गाला त्या ओळींखाली रेघ मारू द्या. ती त्याच्या पुरुषपणाला हात घालते. पहिल्यांदा वाचताना हे निसटतं, कारण आपल्याला पुढचा खून बघायचा असतो.

पण याआधीही एक जागा आहे आणि ती वर्गाच्या लक्षात आणून द्यावी लागते. तिसऱ्या प्रवेशात, चेटकिणी गेल्यावर, मॅकबेथ म्हणतो की नशिबाला मला राजा करायचं असेल तर ते माझ्या हालचालीविना मुकुट घालेल. म्हणजे काहीही न करण्याचा पर्याय त्याने स्वतः बोलून दाखवला आहे. पुढच्याच प्रवेशात डंकन माल्कमला वारस जाहीर करतो आणि हा पर्याय त्याच्या डोक्यातून जातो. ‘सगळं नशिबात होतं’ असं एखाद्या बाकाने म्हटलं की हे दोन प्रवेश शेजारी ठेवा. चेटकिणी त्याला राजा होशील एवढंच सांगतात. डंकनला मार, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. बँकोनेही तीच भविष्यवाणी ऐकली होती, त्याला तर राजांचा पूर्वज होशील असं सांगितलं होतं, आणि त्याने कट्यार उचलली नाही. (एखादा चलाख विद्यार्थी इथे विचारेल : मग तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बँकोला संशय असूनही तो गप्प का? प्रश्न अस्सल आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.)

मधल्या अंकांत वाद पेटतो. मेजवानीनंतर मॅकबेथ म्हणतो की रक्तात इतका आत आलोय की परत जाणं पुढे जाण्याइतकंच कष्टाचं. काही मुलं हे प्रमाण मानतात : आता परतीची वाट बंद झाली. काहींचं म्हणणं असतं, वाट बंद नाही, त्याने ती फक्त कंटाळवाणी ठरवली आहे. दोन्ही बाजूंना बोलू द्या. मराठी, हिंदी, दोन्हींची सरमिसळ, जे येईल ते चालू द्या. इंग्रजीत बोला म्हटलं की तीन हात उरतात आणि तेही नेहमीचेच.

शेवटची जागा बहुतेक कुणालाच आठवत नाही. पाचव्या अंकात मॅकडफ समोर येतो तेव्हा मॅकबेथ त्याला म्हणतो की सगळ्यांत मी तुलाच टाळत आलो, मागे फिर, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा जीव आधीच फार भरलाय. ज्याच्या बायकामुलांना मारायला माणसं पाठवली त्याच्याशी हा माणूस असं बोलतो. त्याची जाणीव शेवटपर्यंत मेलेली नाही, हे सांगणारी याहून चांगली जागा नाटकात नाही. ‘मॅकबेथ राक्षस आहे की शोकांतिकेचा नायक’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. त्याच्या उत्तराचा शेवट या ओळींवर करता येतो.

तिसरा तास : एकच प्रवेश, मोठ्याने

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. खून नुकताच झालाय, दोघं अंधारात कुजबुजताहेत. हा प्रवेश वाचला तर संवाद वाटतो आणि बोलला तर अंगावर येतो.

बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर वर्ग रांगांनी विभागा : खिडकीकडच्या रांगा मॅकबेथ, दाराकडच्या लेडी मॅकबेथ. पहिली फेरी सगळ्यांनी मिळून, कुजबुजत. साठ जणांची कुजबुज एवढा आवाज करते की कुणाचा उच्चार चुकला हे कुणालाच कळत नाही, आणि भीड मोडते ती इथे. मधल्या एका-दोन शब्दांच्या ओळींवर पुन्हा पुन्हा या : तू बोललास का? कधी? आत्ता. मी उतरत होतो तेव्हा? या ओळी एकमेकांवर आदळल्या पाहिजेत, थांबून वाचल्या तर जीव जातो. दुसऱ्या फेरीत दोघांना उभं करा. प्रत्येक वर्गात आयएनटी किंवा सवाई या एकांकिका स्पर्धांच्या तालमींत रात्री काढलेलं एखादं पोर असतं, लेक्चरला सगळ्यात मागे बसणारं. ते पोर पुढे आणा. लायटिंग केलेली, प्रॉम्प्टिंग केलेली मुलंही या प्रवेशात काय हवंय ते पटकन ओळखतात.

तिसऱ्या फेरीआधी प्रत्येकाने समासात पाच ओळी आपल्या मराठीत उतरवायच्या. आगरी, मालवणी, वऱ्हाडी, घरी जी बोलतात ती. पुस्तकी मराठी नको. मग तेच मराठी वाचायचं आणि लगेच मूळ इंग्रजी वाचायचं. अर्थ कळला की नाही हे वेगळं विचारावं लागत नाही, आवाजावरून समजतं.

दारावरची थाप विसरू नका. शेवटच्या बाकाला ते काम द्या, संहितेत ‘नॉक’ येईल तिथे बाकावर मूठ. प्रवेश संपून द्वारपाल येतो तरी थाप चालूच राहते. तो दारुडा द्वारपाल आपण नरकाच्या दारावर उभे आहोत असं समजून बडबडतो, मुलं हसतात आणि हसताना त्यांना आत पडलेलं प्रेत आठवतं. द्वारपालाचा प्रवेश ‘विनोदी विसावा’ आहे असं गाईडात असतं. वर्गाने नुकतंच जे अनुभवलं त्यावरून त्यांनाच ठरवू द्या, विसावा मिळाला का.

वाचताना उच्चार सुधारू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ‘थेन’ की ‘थॅन’ यावर मध्येच अडवलं तर ती पुढची ओळ वाचणार नाही, आणि उजळणीत ती गप्प बसणं फार महाग पडतं.

चौथा तास : लेडी मॅकबेथ आणि चार प्रतिमा

ही राणी उत्तरपत्रिकांमध्ये सगळ्यात वाईट वागवली जाते. ‘ती चौथी चेटकीण आहे’ हे वाक्य वर्षानुवर्षं गाईडांतून उतरत आलंय. ते खोडायला भाषण देऊ नका. दोन उतारे शेजारी ठेवा. डंकनच्या खुनानंतर ती म्हणते, थोड्या पाण्याने हे काम आपल्या अंगावरून निघून जाईल. पाचव्या अंकात तीच झोपेत हात चोळत म्हणते की अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी हा छोटा हात गोड वासाचा होणार नाही. वर्गाला विचारा : या दोन ओळींच्या मध्ये ती कुठे आहे?

शोधायला लावा. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ती नवऱ्याला विचारते, काय करायचं ठरवलंय? तो लाडाने बोलून सांगायचं टाळतो. बँकोच्या खुनाचा बेत तिला माहीत नाही. मेजवानीत ती अजून सगळं सावरते, पाहुण्यांना घालवते. मग अख्ख्या चौथ्या अंकात ती नाहीच. पाचव्यात येते तेव्हा झोपेत, आणि पद्याऐवजी गद्यात बोलत. त्या गद्यात जुने प्रसंग तुकड्यांनी परत येतात : घंटेचे ठोके, म्हाताऱ्या माणसाचं रक्त, मॅकडफची बायको, दारावरची थाप. मुलांना प्रत्येक तुकडा कुठल्या प्रसंगातला ते ओळखायला लावा, सगळ्या नाटकाची उजळणी वीस ओळींत होते.

आणखी दोन जागा त्यांच्या हातात द्या. पहिल्या अंकात ती भुतांना हाक मारून सांगते की माझ्यातलं बाईपण काढून घ्या, मला क्रूरतेने भरा. जी मुळातच क्रूर असती तिला हे मागावं लागलं असतं का? दुसरी, ती म्हणते की झोपेत तो माझ्या बापासारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. एवढं समोर ठेवल्यावर कोण काय मत बनवतं ते त्याच्यावर सोडा.

उरलेल्या पंधरा मिनिटांत वर्गाचे चार भाग करा आणि रक्त, झोप, कपडे, मुलं या चार प्रतिमा वाटून द्या. प्रत्येक भागाने तीन जागा शोधायच्या. रक्त सगळ्यांना सापडतं. कपड्यांसाठी मदत लागते : पहिल्याच अंकात मॅकबेथ विचारतो की उसनी वस्त्रं मला का चढवता, आणि शेवटच्या अंकात सरदार अँगस म्हणतो की बुटक्या चोराच्या अंगावर राक्षसाचा झगा असावा तशी ही पदवी त्याच्यावर लोंबते. मुलांच्या प्रतिमेत फ्लीअन्स, मॅकडफचा मुलगा, तान्ह्या बाळाबद्दलचं लेडी मॅकबेथचं भयंकर वाक्य, चेटकिणींनी दाखवलेली रक्ताने माखलेलं आणि मुकुट घातलेलं अशी दोन बाळं, सगळं येतं. निपुत्रिक राजा दुसऱ्यांच्या लेकरांच्या मागे लागलाय, हे एकदा दिसलं की नाटकाचा उत्तरार्ध वेगळाच वाचला जातो.

काळ, आणि मराठी रंगभूमी

ऐतिहासिक पार्श्वभूमीला दहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, आणि वाचन बदलणारी माहितीच द्या. नाटक साधारण १६०६ चं. इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स, मूळचा स्कॉटलंडचा राजा, जो स्वतःला बँकोचा वंशज मानायचा आणि ज्याने १५९७ मध्ये चेटकविद्येवर ग्रंथ लिहिला होता. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १६०५ मध्ये, राजासकट पार्लमेंट दारूगोळ्याने उडवायचा कट उघडकीला आला होता. शेक्सपिअरने गोष्ट हॉलिनशेड या इतिहासकाराच्या बखरीतून घेतली, आणि तिथे बँको डंकनच्या खुनात सामील आहे. राजाच्या पूर्वजाला नाटकात खुनी कसं दाखवणार? बँको का बदलला याचं एक कारण इथे मिळतं, आणि फळ्याच्या कोपऱ्यात ठेवलेला प्रश्नही परत घेता येतो. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ असा सतरा वर्षं राज्य करून गेला आणि खरा डंकन लढाईत मारला गेला, हेही सांगा. सतरा वर्षं नाटकात काही आठवड्यांसारखी वाटतात, यावरून नाटककाराने काय केलंय ते कळतं.

हे नाटक आपल्याकडे पोचून खूप काळ झालाय, हेही मुलांना कळू द्या. शिवराम महादेव परांजप्यांचं ‘मानाजीराव’ याच नाटकावरून आलं. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये १९५४ साली दुर्गा खोट्यांनी लेडी मॅकबेथ उभी केली. ‘राजमुकुट’ वाचनालयात मिळालं तर झोपेत चालण्याचा प्रवेश मराठीत वाचून घ्या. ज्यांची आजी-आजोबांची पिढी गिरगावात किंवा दादरला नाटकं बघत वाढली त्यांना घरी विचारायला एक विषय मिळतो.

‘मकबूल’ मुलांनी पाहिलेला असतो, निदान तुकड्यांत तरी. ‘मॅकबेथ’वरून मुंबईच्या टोळीजगात रचलेला हा २००४ चा चित्रपट चर्चेला उत्तम आहे, चेटकिणींच्या जागी दोन पोलीस इन्स्पेक्टर का आणले असतील यावरच अर्धा तास जाईल. पण तो पाचव्या तासानंतर. आधी दाखवला तर चित्रपटाची नायिका निम्मी आणि लेडी मॅकबेथ एक होतात. चित्रपटात निम्मी टोळीचे म्होरके अब्बाजी यांची रखेल आहे आणि तिला मूल होतं, तर नाटकात नवराबायको निपुत्रिक आहेत. हे उत्तरपत्रिकेत मिसळलं की सावरता येत नाही.

पाचवा तास : लिहिणं

आता गाईड बाहेर. त्यातलं एक ठरावीक वाक्य फळ्यावर लिहा : ‘मॅकबेथचा अतिमहत्त्वाकांक्षेचा दोष त्याच्या नाशाला कारण ठरतो.’ वर्गाला विचारा, हे खोटं आहे का? खोटं नाही. पण हे नाटक न वाचताही लिहिता येतं. ॲरिस्टॉटलच्या संकल्पनेत नायकाच्या हातून घडणाऱ्या चुकीवर भर आहे, स्वभावाला चिकटलेल्या एका लेबलावर नाही. म्हणून प्रत्येकाने ते वाक्य असं बदलायचं की त्यात एक प्रवेश, एक कृती आणि नाटकातले दोन-तीन शब्द येतील. उदाहरणार्थ : ‘सातव्या प्रवेशात मॅकबेथ खून न करण्याची चार कारणं स्वतःच मोजतो आणि तरीही बायकोने भित्रा म्हटल्यावर तयार होतो, त्याला बरंवाईट कळत नाही असं नाही, कळूनही तो ते बाजूला सारतो.’ एवढ्यावर उत्तराचा पहिला परिच्छेद उभा राहतो.

आधी मराठीत लिहू द्या, मग इंग्रजीत. इंग्रजीत थेट लिहिताना मुलं पाठ असलेल्या वाक्यांकडे वळतात, कारण तीच सुरक्षित वाटतात. मराठीत मुद्दा ठरला की छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांतही तो टिकतो. छोटी वाक्यं लिहा, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा.

अवतरणं लांब पाठ करून घेऊ नका. तीन ते सहा शब्दांची आठ-दहा पुरतात, आणि ती अशी निवडा की एकच अवतरण तीन-चार प्रश्नांना चालेल. ‘मॅकबेथ डज मर्डर स्लीप’ हे अपराधभाव, झोपेची प्रतिमा, नवराबायकोचं नातं, तिन्हींकडे जातं. प्रत्येकाने आपली यादी स्वतः करायची, शेजाऱ्याची उतरवायची नाही, कारण आपण निवडलेलं लक्षात राहतं.

संदर्भासहित स्पष्टीकरणात निम्मे गुण संदर्भातच जातात. कोण, कोणाला, कधी, एवढं एका वाक्यात. पुढचं सगळं उताऱ्यातल्या शब्दांवर. ‘ही ओळ फार महत्त्वाची आहे’ असलं वाक्य आलं की लाल रेघ.

साठ वह्या तपासणं कुणालाच शक्य नाही. एकच परिच्छेद लिहून घ्या, वह्या मागच्या बाकाशी बदला आणि वाचणाऱ्याने फक्त एक गोष्ट बघायची : नाटकातले शब्द कुठे आहेत? नसतील तिथे समासात फुली. तुम्ही फुल्या पडलेल्याच वह्या घरी न्या, त्या पंधरा-वीस असतात आणि तुमची गरज त्यांनाच आहे.

पावसात गाड्या बंद पडून किंवा नोकरीमुळे ज्यांचे एक-दोन तास बुडले त्यांच्यासाठी फळ्यावरच्या तक्त्याचा आणि परतीच्या जागांच्या रेघेचा फोटो त्याच दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला एका विद्यार्थ्याला नेमा. तिसऱ्या तासाचा प्रवेश मात्र फोटोत येत नाही. बुडालेल्या चार-पाच जणांना एखाद्या दिवशी लेक्चर सुटल्यावर रिकाम्या वर्गात वीस मिनिटं थांबवा आणि तो त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, बाकावरच्या थापेसकट.